कंबरदुखी : ऑपरेशनची घाई नको

मज्झिम निकायातील सेख सुत्तात एक प्रसंग आहे. कपिलवस्तूला शाक्यांसमोर असताना भगवान बुद्धांची पाठ दुखू लागली. त्यांनी उपदेशाचे काम भन्ते आनंदांवर सोपवले आणि स्वतः विश्रांती घेतली. दुखणे लपवले नाही, त्याचा बाऊही केला नाही.

आपल्या चितेगाव परिसरात कंपनीत ओझी उचलणारे, कापूस वेचणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या अनेकांना कंबरदुखी आहे. ‘गादी सरकली, ऑपरेशन करा’ असे ऐकले की आपण कर्ज काढतो. म्हणून थोडा इतिहास पाहू.

1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवले की मणक्यांमधली गादी सरकून नस दबते आणि ऑपरेशनने पायाची कळ थांबू शकते. पुढे ऑपरेशने वाढत गेली. अमेरिकेत 1990 ते 2001 या काळात कंबरेचे मणके जोडण्याची ऑपरेशने तिपटीवर गेली. कंबरदुखी मात्र त्या मानाने घटली नाही. पूर्वी रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवत. आता सोसेल तेवढे चालते-फिरते राहा, असे सांगतात. गरज नसताना तपासण्या आणि ऑपरेशने होतात, असा इशारा 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही दिला.

एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणजे ऑपरेशन आलेच, असे नाही. कसलाही त्रास नसलेल्या चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांत ती तशी दिसते. नस दबून पायात कळ येत असली, तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत व्यायाम आणि औषधांनी आराम पडतो.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर एक दिवसही न थांबता घाटी रुग्णालय गाठावे. ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे तपासून घ्यावे.

ऑपरेशन सुचवले तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारू : आत्ताच गरज आहे का? थांबलो तर काय होईल? फायदा किती, धोका किती? शक्यतो घाटीत दुसरा सल्ला घेऊ. ईएसआय कार्ड किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हेही आधी पाहू. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले. दवाखान्यातही ते विसरू नये.