विमा दाव्याच्या रकमेतील कपाती आणि धर्मादाय रुग्णालय

विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम आणि रुग्णालयाच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम या दोन्ही सहसा सारख्या नसतात. हे अंतर कशामुळे पडते व त्यातील किती भाग टाळता येण्याजोगा आहे, याची कल्पना विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांना असावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

काळाचौकी-लालबाग परिसरातील गिरणी कामगारांना एकेकाळी कामगार राज्य विमा योजनेचा आधार असे. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम पॉलिसी आणली. २००१ मध्ये विमा नियामकाने त्रयस्थ प्रशासकांसाठी, म्हणजेच टीपीएंसाठी, नियम केले आणि कॅशलेस उपचार रूढ होत गेले. रुग्णाची मोठीच सोय झाली. रुग्णालयाला पैसे देणारा मात्र बदलला. रुग्णाने स्वतः बिल भरले तर त्यातून आयकर कापला जात नाही. टीपीएने भरले तर मुळातून करकपात होते.

हा प्रश्न मुंबईतच न्यायालयापुढे आला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००९ च्या परिपत्रक क्र. ८ द्वारे, टीपीएंनी रुग्णालयांना दिलेल्या रकमांवर आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४-जे खाली करकपात केलीच पाहिजे, असे कळविले. डेडिकेटेड हेल्थकेअर सर्व्हिसेस टीपीए या कंपनीने त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने २०१० मध्ये करकपात वैध ठरविली. कपात न केल्यास दंड अटळच आहे, असे सांगणारा परिपत्रकातील भाग तेवढा रद्द केला.

एक लाख रुपयांचे बिल पूर्ण मंजूर झाले, असे धरू. करकपातीच्या दहा टक्के दराप्रमाणे १०,००० रुपये सरकारजमा होतात. उत्पन्न धर्मादाय कार्यावर खर्च करणाऱ्या, करमाफीस पात्र न्यासाला बहुधा आयकर देय नसतो. म्हणजे ही रक्कम परत मिळते. पण केव्हा? वर्ष संपावे, लेखापरीक्षण व्हावे, विवरणपत्र भरावे, ते तपासले जावे, तेव्हा. एप्रिलमध्ये कापलेले पैसे हाती येण्यास दीड वर्षही लागू शकते. दरमहा अर्धा टक्का सरळ व्याज मिळते खरे, पण ते वर्ष संपल्यानंतरच्या काळापासून. औषध विक्रेता तोवर थांबत नाही. दुसरीकडे, उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार निर्धन व दुर्बल घटकांखेरीज इतर रुग्णांच्या एकूण बिलाचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात, आणि तेही कोणतीही वजावट न करता. वरील बिलावर हे २,००० रुपये होतात. त्यांच्या पाचपट रक्कम करखात्यात अडकलेली असते.

यावर कायद्यातच उपाय आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम १९७ खाली, नमुना १३ मध्ये अर्ज करून शून्य किंवा कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र घेता येई. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले तरी ही सोय कायम आहे. प्रमाणपत्राचा लाभ मागील तारखेपासून मिळत नाही. अर्ज वर्षारंभीच हवा आणि प्रमाणपत्र प्रत्येक टीपीएकडे पोहोचल्याची पोच हवी. ज्या कपाती झाल्या, त्या न्यासाच्याच पॅन क्रमांकावर दिसतात ना, हे दर तिमाहीस पाहावे. हे काम कंटाळवाणे असल्याने मागे पडते.

करारात मान्य केलेली सवलत ही निराळी बाब. ती परत येत नाही. करकपात व सवलत एकाच रकान्यात लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती हिशेबाच्या दृष्टीने घातकच म्हणावी लागेल, कारण येणे रक्कम बुडीत समजून सोडली जाते. औषधे व शरीरात बसविण्याच्या उपकरणांवर सवलत लागू नसावी, हे करारावर सही करण्यापूर्वीच ठरवावे.

पैसे कोणत्या मार्गाने येतात, यावरही खर्च ठरतो. अमेरिकेत काही विमा कंपन्या रुग्णालयाला एकदाच वापरावयाचा आभासी कार्ड क्रमांक पाठवितात. तो वटविताना शेकडा पाचपर्यंत शुल्क जाऊ शकते. तेथे २०१४ पासून रुग्णालयाने मागणी केल्यास प्रमाणित बँक हस्तांतराने रक्कम देणे विमा योजनांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे एनईएफटीने आलेल्या रकमेवर घेणाऱ्यास शुल्क पडत नाही. अडचण येते ती अनेक रुग्णांची रक्कम एकत्र जमा होते तेव्हा. रुग्णनिहाय तपशील त्याच दिवशी मागवावा.

विम्याबाहेरची रक्कम नातेवाईक भरतात. क्रेडिट कार्डावरील शुल्क रुग्णालयाच्या रकमेतून वजा होते. रुपे डेबिट कार्ड व बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर मात्र जानेवारी २०२० पासून असे शुल्क नाही. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये एका व्यवहारास पाच लाख रुपये करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने केली. रुग्णास घरी सोडतेवेळी शक्य असल्यास याच मार्गाने रक्कम भरावी, अशी नातेवाइकांना नम्र विनंती आहे. मर्यादा बँकेनुसार कमी असू शकते, म्हणून आदल्या दिवशी आपल्या बँकेत चौकशी करून ठेवावी.