आठ कामकरी आणि एक किल्ली

पुरणपोळीच्या दिवशी मदतीला आठ जणी आल्या, पण घरात पाटा-वरवंटा एकच असला, तर पुरण आठपट लवकर वाटून होत नाही. एकजण वाटत बसते आणि उरलेल्या सातजणी तिच्या हातांकडे पाहत राहतात. जगभर असंख्य लोक ज्या पायथन भाषेत संगणकाला आज्ञा लिहून देतात, त्या भाषेवर नेमकी हीच पाळी आली होती.

संगणकात हिशेब करणाऱ्या भागाला प्रोसेसर म्हणतात. पूर्वी घरगुती संगणकाच्या प्रोसेसरमध्ये कामकरी एकच असे. यंत्र वेगवान करावयाचे म्हणजे त्या एकट्यालाच अधिक घाईने राबवावयाचे, अशी रीत होती. परंतु घाईबरोबर उष्णताही वाढत गेली आणि २००४ च्या सुमारास वेग आणखी वाढविणे परवडेनासे झाले. मग कारखानदारांनी एकाच चिपवर अनेक कामकरी बसविण्याचा मार्ग धरला. २००१ साली आय. बी. एम. ने पॉवर-४ या प्रोसेसरमध्ये दोन कामकरी बसविलेच होते; २००५ पासून घरगुती संगणकांतही तसे प्रोसेसर आले. अशा प्रत्येक कामकऱ्यास ‘कोअर’ म्हणतात. आज साध्या संगणकातही आठ-आठ कोअर आढळतात.

अनेकांनी मिळून एक हिशेब करण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर चाले. योगायोग असा की, गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी पायथन भाषा प्रथम प्रसिद्ध केली, तीही १९९१ सालीच. (हे नाव अजगरावरून नव्हे, तर ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी नटमंडळींवरून घेतलेले आहे!)

पायथनमध्ये लिहिलेल्या आज्ञा संगणकाला थेट कळत नाहीत. त्या वाचून त्याच्याकडून करवून घेणारा एक दुभाषी मध्ये असतो. स्मृतीत ठेवलेली प्रत्येक वस्तू किती ठिकाणी वापरात आहे, याचा आकडा हा दुभाषी त्या वस्तूजवळच लिहून ठेवतो. आकडा शून्यावर आला की, वस्तू टाकून जागा मोकळी केली जाते. व्यवस्था सोपी आहे. पण दोन कामकरी एकदम आले म्हणजे घोटाळा होतो. समजा, आकडा ५ आहे. दोघांनीही एकाच क्षणी ५ वाचला, दोघांनीही मनात एक मिळविला आणि दोघांनीही ६ लिहिला. वास्तविक तेथे ७ हवेत. एक नोंद हरवली! पुढे तो आकडा अवेळी शून्यावर येतो आणि कोणी वापरत असलेली वस्तूच फेकून दिली जाते. बरे, हा घोटाळा रोज घडत नाही. हजारांतून एखाद्या वेळी घडतो, म्हणून तो शोधून काढणे महाकठीण.

यावर १९९२ च्या सुमारास एक उपाय योजण्यात आला. दुभाष्याला कुलूप घालावयाचे आणि किल्ली एकावेळी एकाच्याच हाती द्यावयाची. याचे नाव ‘ग्लोबल इंटरप्रीटर लॉक’. तो उपाय त्या काळी अगदी योग्य होता; कारण बहुतेक संगणकांत कामकरीच मुळी एक होता. पुढे आठ कोअर आले, तेव्हा एकाच्या हाती किल्ली आणि सातजण रिकामे, अशी अवस्था झाली. दूरच्या संगणकाकडून येणाऱ्या माहितीची वाट पाहताना कामकरी किल्ली खाली ठेवतो, त्यामुळे तशा कामात अडत नाही. निव्वळ आकडेमोडीत मात्र अडते.

१९९६ साली ग्रेग स्टाइन यांनी कुलूप काढून पाहिले. पण त्यामुळे एकट्याने करावयाच्या कामाचा वेग जवळजवळ निम्मा झाला. तो प्रयोग तेथेच राहिला. २००८ साली निराळी वाट निघाली: एकाच स्वयंपाकघरात भांडण्यापेक्षा आठ स्वयंपाकघरे थाटावी व प्रत्येकात स्वतंत्र पाटा ठेवावा! समजा, आठ हजार पुस्तकांतील शब्द मोजावयाचे आहेत. आठ दुभाषी, आठ किल्ल्या. प्रत्येकाकडे हजार पुस्तके. तथापि या स्वयंपाकघरांत भिंती असतात. एकाची वस्तू दुसऱ्याला दिसत नाही. ती बांधून पाठवावी लागते. या बांधणीस पायथनमध्ये ‘पिकल’ म्हणजे लोणचे असे गमतीदार नाव आहे. काम चिमूटभर आणि बरण्या भरण्यातच वेळ, असे झाले तर एकट्याने केलेलेच बरे. शिवाय जाड पुस्तके एकाच्याच वाट्याला आली, तर बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात. म्हणून लहान लहान गठ्ठे करून, ज्याचे संपेल त्याला पुढचा द्यावा लागतो.

इतके करूनही वेगाला मर्यादा राहतेच. ती जीन अम्डाल यांनी १९६७ साली दाखवून दिली. दहा तासांच्या कामातील एक तासाचा भाग वाटता येत नसेल, तर आठ कामकरी ते सुमारे दोन तास साडेसात मिनिटांत करतील. शंभर लावले, तरी एक तास पाच मिनिटे लागतातच. आणि कितीही लावले, तरी तासाच्या आत ते उरकणार नाही.

कुलपाचा प्रश्न पुढे सॅम ग्रॉस यांनी हाती घेतला. त्यांनी २०२१ साली मांडलेल्या योजनेत प्रत्येक वस्तूला एक धनी नेमला आणि तिचे दोन आकडे ठेवले. धनी आपल्या आकड्यात झटपट नोंद करतो. इतरांनी दुसऱ्या आकड्यात जपून करावी. बहुतेक वस्तू त्यांचा धनीच वापरतो, त्यामुळे वेग फारसा घटत नाही. २०२३ मध्ये ही योजना मान्य झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बिनकुलपाचे पायथन प्रयोगादाखल निघाले आणि ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत त्याला रीतसर मान्यता मिळाली. त्यात एकट्याचे काम शेकडा पाच ते दहा इतके मंदावते, म्हणून त्या आवृत्तीतही नेहमीचे पायथन कुलूपवालेच ठेवण्यात आले. ज्याला हवे त्याने दुसरे घ्यावे.

मात्र बिनकुलपाच्या पायथनमध्ये आठ कामकऱ्यांनी एकाच वहीत शब्द मोजावयास घेतले, तर ५ चे ६ आणि ७ ऐवजी ६ हा जुना घोटाळा त्या वहीत पुन्हा उद्भवू शकतो. तेव्हा आज्ञा लिहिणारा प्रत्येकाला वेगळी वही देतो आणि आठही वह्यांची बेरीज शेवटी एकाकडून करवून घेतो.