पासवर्ड ताईचा, आवाज ताईच्याच कानात



शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गटाची मासिक बैठक होती. गटातल्या एका ताईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांच्या ऑनलाइन अर्जाचं काय झालं ते बघायचं होतं. फोन माझ्या हातात आला आणि मी सवयीनं म्हणाले, "ताई, पासवर्ड सांगा, मी टाकते." त्यांनी सगळ्यांसमोर सांगितला. काम झालं. निघताना त्या हसत म्हणाल्या, "मॅडम, पुतण्याला आन् मोबाईलवाल्याला ठावंच होता. आता साऱ्या गटाला पाठ झाला."

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. चूक माझी होती. मदत करायची म्हणजे दुसरीचं गुपित आपण घ्यायचं, असं मी धरून चालले होते. पुढं दौंडकडच्या गटांमध्ये विचारलं, तर मोतीबिंदू झालेल्या आणि अक्षर न येणाऱ्या ताईंचंही तेच. पासवर्ड दुसऱ्याच्या डोक्यात, नाहीतर फोनच्या कव्हरमधल्या चिठ्ठीवर! म्हणून या अंकाचा धडा त्यावर.

दोन सोयी, दोन्ही फुकट

पहिली, टॉकबॅक. अँड्रॉइड फोनमधली ही सोय पडद्यावर काय आहे ते बोलून सांगते. मराठीतही बोलते. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. चालू केल्यावर फोनची रीत बदलते:
- बोट ठेवलं की नाव ऐकू येतं.
- पटापट दोनदा टॅप केलं की ते उघडतं.
- एक बोट डावीकडून उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते.
- पान वर-खाली करायला दोन बोटं लागतात.

दुसरी, पासवर्ड मॅनेजर. याला आपल्या गटाची पेटी समजा. पेटीत प्रत्येक वेबसाइटचा पासवर्ड ठेवलेला, आणि पेटीला एकच कुलूप. गुगलचा पासवर्ड मॅनेजर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतोच. क्रोम उघडून तीन टिंबांवर जा, तिथं सेटिंग्ज, त्यात पासवर्ड मॅनेजर सापडेल.

आधी कुलूप, मग पेटी

१. फोनला स्क्रीन लॉक लावा. लॉक नसेल तर फोन ज्याच्या हातात, पेटी त्याची. ऊस, कांदा, खुरपणी करून बोटांचे ठसे झिजतात आणि फोन ओळखत नाही. म्हणून दोन-तीन बोटांचे ठसे नोंदवा, कमी कामाच्या हाताचाही एक घ्या. पिन मात्र पाठ हवाच.

२. गुगल खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते तपासा. फोन घेताना दुकानात खातं उघडून दिलं जातं, आणि कधीकधी नंबर भलत्याचाच राहतो. तिथं ताईंचाच नंबर हवा.

३. गुगल खात्याचा पासवर्ड लांब पण लक्षात राहील असा ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. मुलांची नावं, गावाचं नाव, जन्मसाल नको. पासवर्ड माईकवर बोलून टाकू नका, शेजारचा ऐकतो.

ताईंनी स्वतः कसं करायचं

१. इअरफोन लावा. शंभर-दीडशे रुपयांचा वायरचाही चालतो. आवाज फक्त त्यांच्याच कानात जातो.

२. नव्या फोनवर तीन बोटांनी एकदा टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू उघडतो. त्यात स्क्रीन लपवायचा पर्याय असतो. पडदा काळा होतो, फोन मात्र चालू राहतो. मागून डोकावणाऱ्याला काही दिसत नाही.

३. वेबसाइटवर पहिल्यांदा पासवर्ड टाकला की फोन विचारतो, जतन करायचा का? होकाराच्या बटणावर जाऊन दोनदा टॅप करा. झालं पेटीत जमा.

४. पुढच्या वेळी नावाच्या रकान्यावर दोनदा टॅप केलं की जतन केलेलं खातं सुचवलं जातं. ते लगेच ऐकू आलं नाही तर घाबरू नका. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट फिरवा, तिथं सापडतं. दोनदा टॅप, गरज पडली तर ठसा, आणि पासवर्ड आपोआप भरला जातो.

मॅनेजर गप्प बसला तर थांबा

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फसवणारे लोक खऱ्यासारखं दिसणारं खोटं पान बनवतात. डोळस माणूसही फसतो, मग न दिसणारीनं काय ओळखावं? पण मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. पत्ता एका अक्षरानं जरी वेगळा असला तरी तो पासवर्ड सुचवत नाही. म्हणून नेहमी भरणारा मॅनेजर आज गप्प असेल, तर हातानं पासवर्ड टाकू नका. आधी खात्री करा.

पेटीत काय ठेवायचं नाही

यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन पेटीत नको, ते डोक्यातच. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मला सुद्धा नाही. पैसे यायला पिन लागत नाही, हेही लक्षात ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

हा हक्क आहे, उपकार नाही

दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम किंवा नेट बँकिंग नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बँकांना कळवलंय. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बँकेत कोणी "घरच्या माणसाला घेऊन या" म्हणालं, तर हे शांतपणे सांगा.

पुढच्या बैठकीत करून बघा

दोघी-दोघींनी बसा. एकीनं डोळे मिटून टॉकबॅकवर फोनमधलं घड्याळ उघडायचं. दुसरीनं फक्त तोंडानं सांगायचं, फोनला हात लावायचा नाही. मग चर्चा करा: आपल्या गटात किती जणींचा पासवर्ड दुसऱ्याकडे आहे? (पासवर्ड सांगू नका, फक्त हात वर करा.)

त्या ताईंनी पासवर्ड बदललाय. बदलताना मी शेजारीच बसले होते, पण फोन त्यांच्या हातात होता आणि इअरफोन त्यांच्या कानात. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा जमलं. नवा पासवर्ड काय आहे, मला माहीत नाही. आपल्या गटातल्या प्रत्येक मदतनीस ताईला असंच म्हणता यायला हवं.

तुमची क्षेत्र समन्वयक