चित्रपटाचे दप्तर

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या आश्रयावाचून चित्रपट काढू इच्छिणारे महाड-पोलादपूरकडील तरुण भेटीस येतात, तेव्हा कॅमेऱ्याविषयी आणि भांडवलाविषयी पुष्कळ विचारतात. कागदपत्रांविषयी चकार शब्द काढीत नाहीत. वस्तुतः निर्मितीसंस्था केवळ पैसा पुरवीत नाही. करारनामे, परवाने, हिशेब आणि हक्क यांचे दप्तरही तीच सांभाळते, आणि जो तिच्याबाहेर पडतो त्याच्या शिरावर ते सारे दप्तर येते.

माझ्या चित्रपटाचे चित्रीकरण वीरला, रेल्वेमार्गानजीकच्या एका घरात झाले. पडवीत संवाद रंगात यावा आणि नेमकी त्याच वेळी मालमोटारी पाठीवर घेऊन कोलाडहून वेर्ण्याकडे निघालेली कोकण रेल्वेची गाडी घुमू लागावी, असे वारंवार घडे. ध्वनिमुद्रक मुकाट्याने हात वर करी, आणि आम्ही सारे शेवटचा डबा जाईपर्यंत तिष्ठत राहू. त्यावर उपाय होता: दृश्य पुन्हा घ्यावे, आणि त्या जागेची मिनिटभर निखळ शांतता वेगळी मुद्रित करावी, म्हणजे संकलनात संवादांचे सांधे तिने झाकता येतात. असली अडचण धीराने निभावते. कागदाची निभावत नाही.

ज्यांच्या कथेवर चित्रपट बेतला होता त्या वृद्ध लेखकांनी मोठ्या आनंदाने तोंडी अनुमती दिली होती, आणि लेखी करार सवडीने करावा असे उभयतांत ठरले होते. मध्यंतरी ते निवर्तले, आणि खरेदीदाराने हक्कांचे दस्तऐवज मागितले तेव्हा वारसांत एकवाक्यता उरली नव्हती. सिद्ध झालेला चित्रपट पडून राहिला, कर्जाचे व्याज मात्र चढत गेले. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे ते हक्क वारसांकडे राहतात. आणि करारात मुदत नमूद नसेल तर ती 5 वर्षांची, प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून कथा, संगीत, नटांचे मानधन, घरमालकाची संमती यांचे करार पहिल्या दृश्याआधी व्हावेत. रायगडावर चित्रीकरण करणाऱ्याने तर पुरातत्त्व खात्याची मंजुरी आधीच हाती घ्यावी.

कागदाइतकाच भांडवलाचाही विचार हवा. विम्याची पॉलिसी तारण ठेवून दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडन गाठले, ही कथा आपणांस मुखोद्गत असते. पुढे भागीदारांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीत बेबनाव होऊन तेच फाळके काशीस निघून गेले, याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. याउलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर हे दिग्दर्शक 1985 च्या ‘बाई’पासून सुवर्णकमळ मिळविणाऱ्या ‘कासव’पर्यंत आपल्या मार्गाने चालत राहिले. असे सातत्य हीच खरी कारकीर्द होय, आणि राहते घर पहिल्याच चित्रपटासाठी गहाण टाकणाऱ्यास ते साधणे मला दुर्घट वाटते.

विक्रीच्या करारात चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि परदेश यांचे हक्क पृथक् लिहावेत, आणि हिशेब तपासण्याचा अधिकार स्वतःकडे राखावा. जुलै 2021 च्या पुरात महाडमधील घरोघरची कपाटे चिखलाने भरली होती. म्हणून मूळ कागद आणि चित्रपटाची एक प्रत पुण्या-मुंबईच्या आप्ताकडे ठेवावी.