डिस्क भरली कुणी?



डिसेंबरातील एका रात्रीचे हवेचे तापमान दर दहा सेकंदांनी नोंदवायचे, असा प्रयोग आमच्या पदवी वर्गातील तीन मुलांनी योजला होता. संवेदक गच्चीवर ठेवला आणि त्याची तार खाली प्रयोगशाळेतील संगणकाला जोडली. रात्रीचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास येते. ते नेमके किती वाजता येते, हे त्यांना पाहायचे होते. सकाळी येऊन पाहतो तो काय, नोंदी रात्री पावणेदोनलाच थांबलेल्या! पडद्यावर संदेश होता, की डिस्कवर जागा शिल्लक नाही.

आता थोडे गणित करा. दर दहा सेकंदांना एक, म्हणजे बारा तासांत ४,३२० नोंदी. एका नोंदीला ३० बाइट धरले तरी एकूण १,२९,६०० बाइट झाले. एवढ्याने आजची कोणतीही डिस्क भरणार नाही. मग ती भरली कुणी?

हा तपास करण्यासाठी लिनक्स संगणकावर दोन आज्ञा असतात : डीएफ आणि डीयू. त्या बऱ्याच जुन्या आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत या दोन्ही आज्ञा आहेत. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्सने त्या तशाच उचलल्या. येथे त्या देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही टर्मिनलच्या खिडकीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायच्या.

प्रथम 'डीएफ -एच' ही आज्ञा द्या. 'एच' लिहिल्याने आकडे माणसाला वाचता येतील असे, मेगाबाइट-गिगाबाइटमध्ये मिळतात. प्रत्येक डिस्कसमोर एकूण जागा, वापरलेली जागा, उपलब्ध जागा आणि वापराची टक्केवारी दिसेल. आमच्या त्या संगणकावर टक्केवारी १०० होती. मग आम्ही व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'डीयू -एसएचएक्स /' दिली. यातील तिरपी रेघ म्हणजे फोल्डरांच्या झाडाचे मूळ, 'एस' म्हणजे फक्त बेरीज सांग, आणि 'एक्स' म्हणजे या डिस्कची हद्द ओलांडू नकोस. बेरीज आली ती डिस्कच्या दोन तृतीयांशाहूनही कमी! एक आज्ञा म्हणते डिस्क भरली, दुसरी म्हणते बरीच रिकामी आहे. गंमत अशी, की दोन्ही खरे बोलत होत्या.

हे समजण्यासाठी एका वसतिगृहाची कल्पना करा. किती खोल्या गेल्या, हे दोन प्रकारे कळू शकते. अधीक्षकांच्या कचेरीत जाऊन नोंदवही पाहावी, ही डीएफची रीत. ती क्षणात उत्तर देते, पण खोली कोणाकडे आहे ते सांगत नाही. दुसरी रीत म्हणजे मजल्यामजल्यावर हिंडून दारावरच्या नावांच्या पाट्या वाचायच्या आणि बेरीज करायची. ही डीयूची रीत. तिला वेळ लागतो, मोठ्या डिस्कवर चांगली काही मिनिटे, पण कोणत्या मजल्यावर किती खोल्या गेल्या ते ती नेमके सांगते.

आता खोली म्हणजे काय, ते प्रयोगानेच पाहू. 'इको अ > नमुना' अशी आज्ञा द्या. 'नमुना' नावाची फाईल तयार होईल व तिच्यात एकच अक्षर असेल. 'एलएस -एल नमुना' दिल्यावर तिचा आकार ४ बाइट दिसेल : देवनागरी 'अ' साठी तीन बाइट आणि ओळ संपल्याच्या खुणेसाठी एक. आता 'डीयू -एच नमुना' देऊन पाहा. उत्तर येईल ४ किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट! लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या मांडणीत डिस्कची जागा सहसा ४,०९६ बाइटांच्या ब्लॉकमध्ये वाटली जाते, आणि अर्धा ब्लॉक कोणालाच मिळत नाही. खोलीत एकच मुलगा राहिला तरी खोली गेलीच. अशा हजार फाईल केल्यात, तर मजकूर होईल ४,००० बाइटांचा आणि जागा अडेल ४०,९६,००० बाइटांची. पुष्कळ बारीकसारीक फाईल असलेला फोल्डर दिसतो त्याहून जड का असतो, ते आता लक्षात येईल.

जागा कुठे गेली हे शोधायचे असेल, तर 'डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=१ | सॉर्ट -एच' ही आज्ञा फार उपयोगी आहे. तिने सध्याच्या फोल्डरातील सगळे उपफोल्डर लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने येतात. शेवटची ओळ एकूण बेरजेची; तिच्या वरच्या ओळीतल्या फोल्डरात शिरा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. तीन-चार पायऱ्यांत आपण मूळ ठिकाणी पोहोचतो. शिक्षकांना एक विनंती : सराव मुलांच्या स्वतःच्या फोल्डरातच करून घ्यावा. मोजण्याने काही बिघडत नाही, पण मोठी दिसली म्हणून अनोळखी फाईल पुसून टाकण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

आमच्याकडे नेमके तेच घडले होते. त्या संगणकावर दुसऱ्या एका यंत्रासाठीची आज्ञावली सतत चालू असे आणि ती आपल्या कामाची रोजनिशी एका फाईलमध्ये लिहीत असे. तिच्यातील दोषामुळे ती एकच तक्रार सेकंदाला हजारो वेळा लिहू लागली. संध्याकाळी आमच्यापैकी एकाने ती फुगलेली फाईल पाहिली आणि पुसून टाकली. जागा मोकळी झाली असे समजून सगळे घरी गेले. नंतर डीएफ देऊन पाहायचे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही.

लिनक्सवर फाईल पुसणे म्हणजे दारावरची पाटी काढणे. आतला मुलगा सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत अधीक्षक ती खोली रिकामी धरत नाहीत. आज्ञावलीने फाईल उघडी धरली होती, म्हणून नाव गेले तरी ब्लॉक तिच्याकडेच राहिले. एवढेच नव्हे, त्या बिननावाच्या फाईलमध्ये ती रात्रभर लिहीतच राहिली. पाट्या वाचणाऱ्या डीयूला ती दिसेना, आणि नोंदवही पाहणाऱ्या डीएफला तिचे सगळे ब्लॉक दिसत होते.

दोन्ही आकड्यांत थोडा फरक दुसऱ्या कारणानेही असू शकतो. डीएफच्या उत्तरातील 'वापरलेली' आणि 'उपलब्ध' या जागांची बेरीज करून पाहा, ती बहुधा एकूण जागेहून कमी भरेल. ईएक्सटी४ मध्ये ठरावीक सोडून दुसरे काही सांगितले नसेल, तर ५ टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेली असते. अधीक्षकही अडीअडचणीसाठी एखाद-दोन खोल्या कुलपात ठेवतातच की!

पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाईल शोधण्यासाठी 'एलएसओएफ +एल१' ही आज्ञा आहे. तिच्या यादीत ती आज्ञावली लगेच सापडली. आम्ही ती बंद केली आणि पुन्हा 'डीएफ -एच' दिली. १०० चे ६४ टक्के झाले होते. त्या रात्रीच्या पहाटेचे तापमान मात्र गेले ते गेलेच. मुलांनी पुढच्या आठवड्यात संवेदक पुन्हा गच्चीवर नेला. या वेळी त्यांनी नोंदींच्या आज्ञावलीत एक ओळ वाढवली : दर तासाला डीएफचे उत्तरही तापमानाशेजारी लिहून ठेवायचे.