लाकडी खेळण्यांची निगा

कोकणातील सावंतवाडी हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मोती तलावापासून जवळच चितारआळी नावाचा भाग आहे. त्या आळीतील दुकानांत मांडलेली केळी, आंबे, वांगी आणि मिरच्या पाहून नवख्या माणसाचा हात सहज पुढे होतो. वस्तू उचलल्यावरच ती लाकडाची आहे, हे त्याच्या ध्यानी येते. जाते, चूल, पोळपाट-लाटणे अशी सुबक भातुकलीही तेथे मिळते. चांगले लाकडी खेळणे लवकर मोडत नाही. थोरल्या बहिणीची भातुकली धाकटीकडे येते आणि पुढे केव्हातरी ती घरातील रांगत्या बाळाच्या हाती पडते. बाळाला चूल आणि जाते यांतील भेद ठाऊक नसतो. ते हाती येईल ती वस्तू सरळ तोंडात घालते.

येथेच स्वच्छतेचा प्रश्न उभा राहतो. जमिनीवरील धूळ, हाताचा घाम आणि तोंडातील लाळ यांचा थर खेळण्यावर बसतो व त्या थरात रोगजंतू चिकटून राहतात. घरात कोणी आजारी असेल, तर एकाचा आजार दुसऱ्याकडे जाण्यास असे खेळणे कारण होऊ शकते. या भीतीने पुष्कळ घरांत खेळणी उकळत्या पाण्यात टाकतात किंवा बादलीत भिजत घालतात. हेतू चांगला असतो. परिणाम मात्र उलटा होतो. रंग सुटतो, सांधे सैल होतात आणि लाकूड तडकते. पुढे त्याच भेगांत मळ साठतो, तेथे फडके पोहोचत नाही आणि जंतूंना कायमचा आसरा मिळतो.

असे का होते, हे समजण्यासाठी लाकडाचा स्वभाव ओळखला पाहिजे. लाकूड हे एके काळी जिवंत झाडाचे अंग होते. मुळांनी शोषलेले पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या त्यात असतात. झाड तोडले, लाकूड वाळले, तरी या पोकळ्या तशाच राहतात आणि ओलावा मिळताच लाकूड तो शोषून फुगते. पावसाळ्यात दारे चौकटीत घट्ट बसतात आणि उन्हाळ्यात ती पुन्हा सैल होतात, याचे कारण हेच. शिवाय लाकूड लांबीच्या दिशेने फारच थोडे फुगते, आडव्या दिशेने मात्र पुष्कळ. ओले लाकूड घाईने वाळवले, की ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही आणि त्याला तडा जातो.

मग लाकडी खेळणे स्वच्छ तरी कसे करावे? प्रथम कोरड्या, मऊ ब्रशाने खाचांतील धूळ झाडावी. वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब टाकावे. त्यात स्वच्छ फडके बुडवून ते घट्ट पिळावे आणि त्याने खेळणे पुसावे. साबणामुळे तेलकट मळ सुटतो आणि त्याबरोबर बहुतेक जंतूही निघून जातात. नंतर साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबण पुसून काढावा व तिसऱ्या, कोरड्या फडक्याने ओल टिपावी. शेवटी खेळणी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकमेकांना न चिकटवता रात्रभर ठेवावी. भर दुपारच्या कडक उन्हात ती ठेवू नयेत. रंग विटतो व लाकूड तडकते.

हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. जीवाणूंना वाढण्यासाठी ओलावा लागतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी भाजी-मांस चिरण्याच्या फळ्यांचा अभ्यास करून आपले निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. कोऱ्या लाकडावर सोडलेले जीवाणू आत शोषले जातात, तेथे ते वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात, असे त्यांना आढळले. याचा अर्थ लाकूड पुसण्याची गरज नाही, असा नव्हे. नीट वाळलेले लाकूड आपल्याला साहाय्य करते, एवढेच त्यावरून समजावे.

खेळण्यावरील लेपाकडेही लक्ष द्यावे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे कातारी चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते व केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. उष्णतेने चढलेली ही लाख उष्णतेनेच मऊ होते. स्पिरिटात तर ती विरघळते. म्हणून लाखेच्या खेळण्याला उकळते पाणी किंवा हात निर्जंतुक करण्याचे स्पिरिटयुक्त द्रव लावू नये. कपडे शुभ्र करणारे ब्लीचही लाकडी खेळण्यांना वापरू नये. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीही एकत्र करू नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

जुन्या खेळण्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे. ते पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. ज्या जुन्या खेळण्याचे पोपडे निघत असतील, ते बाळाच्या हाती देऊ नये आणि घासून त्याची धूळही उडवू नये. आठवण म्हणून ते उंच फडताळात ठेवावे.

आजारी मुलाची खेळणी पुसून, वाळवून काही दिवस बाजूला ठेवावी. इन्फ्लुएंझाचे विषाणू कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर २४ ते ४८ तास तग धरू शकतात. उलटी-जुलाबांचे काही विषाणू मात्र फार चिवट असतात. त्या घाणीने माखलेले, भेगाळलेले लाकडी खेळणे टाकून देणेच बरे. काम संपल्यावर हात साबणाने धुण्यास विसरू नये.

तांब्याचा तांब्या चिंचेने घासतात, सुती कापड उकळतात, पुस्तक मात्र नुसते झटकतात. लाकडाला थोडे पाणी आणि भरपूर वारा मानवतो. ज्या वस्तूची निगा तिच्या स्वभावाप्रमाणे राखली जाते, ती दीर्घकाळ टिकते आणि पुढच्या बाळाच्या हाती निर्धास्तपणे देता येते.

स्वाध्याय

१. लाकडी खेळणी पाण्यात भिजत घातल्याने स्वच्छतेऐवजी अस्वच्छता कशी वाढते?
२. पावसाळ्यात दारे घट्ट का बसतात?
३. लाखेच्या खेळण्याला स्पिरिट का लावू नये?
४. घरातील एक लाकडी वस्तू मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली पाठात सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा व त्या कामाचे वर्णन दहा ओळींत लिहा.