धावणाऱ्यांची नडगीची वेदना : प्रतिबंध आणि दक्षता

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या गावातील चिकित्सालयांत एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. वय १८ ते २५, पायांत झिजलेले बूट आणि तक्रार एकच, ‘डॉक्टर, नडगी दुखते.’ शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावयाचे असते. इतके दिवस न धावलेली ही मुले दुसऱ्याच दिवसापासून पहाटे डांबरी रस्त्यावर चार-पाच किलोमीटर धावू लागतात. आपण वातशामक तेल व गुग्गुळकल्प देऊन त्यांची बोळवण करतो. मात्र या वेदनेचा प्रतिबंध औषधापेक्षा सरावाच्या आखणीत अधिक आहे.

पाश्चात्त्य वैद्यक जिला शिन स्प्लिंट्स म्हणते, त्या अवस्थेत नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेस, विशेषतः खालच्या भागात, निदान पाच सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्यात स्पर्शासहत्व आढळते. संहितांत तिला स्वतंत्र नाव नाही. चरकोक्त ८० वातविकारांतील पिंडिकोद्वेष्टन म्हणजे पोटरीतील पेटका. त्याच्याशी हिची ओढूनताणून सांगड घालू नये. (संहितेतील जंघा म्हणजे गुडघा ते घोटा, बोलीतील जांघ नव्हे, विद्यार्थी येथे हमखास फसतात.)

संप्राप्तीचा विचार मात्र आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. अस्थी हे वाताचे स्थान, आणि येथे आश्रय-आश्रयी संबंध उलटा आहे : वात वाढला की अस्थी क्षीण होते. अतिव्यायाम हा वातप्रकोपाचा हेतू. आधुनिक निरीक्षणही याच्याशी जुळते. वारंवार आघात झालेल्या हाडात आधी झीज होते आणि भरण नंतर होते. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पोटरीही बळावते. हाडाला मात्र कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. वाढलेल्या दमाच्या भरवशावर मुलगा अंतर वाढवितो आणि हाड मागे राहते.

म्हणूनच अर्धशक्तीचा नियम सांगताना सावध राहावे. कपाळावर घाम येणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्धशक्तीची लक्षणे हृदय व श्वसन यांची मर्यादा दाखवितात. अस्थीची मर्यादा ती दाखवीत नाहीत. त्या मर्यादेसाठी आठवड्यांचा हिशेब हवा. प्रारंभी एक दिवस आड, चालणे व धावणे मिसळून सराव द्यावा. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवू नयेत. दर चौथ्या आठवड्यात सराव हलका ठेवावा. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, हा प्रचलित नियम सोयीचा आहे, पण त्याला भक्कम आधार नाही. पूर्वी नडगी दुखलेल्या मुलास याहूनही हळू न्यावे, कारण त्याला ही व्याधी पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो.

पोटरीच्या बळाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे, एकदा गुडघा सरळ ठेवून व एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी १५ वेळा, तीन आवर्तने, एक दिवस आड करवावे. पावले लांब टाकण्याऐवजी लहान व जलद टाकल्यास नडगीवरील आघात घटतो. गाद्या दबलेले बूट बदलावेत. परंतु चाचणीच्या दिवशीच नवे बूट घालू नयेत. केवळ ताणाचे व्यायाम केल्याने ही वेदना टळते, असे दिसून आलेले नाही. तिळतेलाचा सौम्य अभ्यंग सुखकर आहे, पण तो प्रतिबंधाची हमी नव्हे. आणि दुखऱ्या हाडावर जोराचे मर्दन कधीही करू नये.

आहारात दूध, नाचणी, तीळ असावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटभर जेवण असावे. वजन उतरविण्यासाठी अर्धपोटी धावणाऱ्या मुलींना मासिक पाळीविषयी अवश्य विचारावे. पाळी लांबली वा थांबली असेल तर अस्थिक्षयाची शंका घ्यावी.

काही वर्षांपूर्वी आलेल्या एका तरुणास मी महानारायण तेल व योगराज गुग्गुळ देऊन ‘सराव थोडा कमी कर’ एवढेच सांगितले. वेदना निम्मी झाली, म्हणून तो अधिकच धावला. तीन आठवड्यांनी रात्री ठणका सुरू झाला. क्ष-किरण चित्र स्वच्छ होते. एमआरआयमध्ये हाडाला तडा दिसला. त्याची चाचणी हुकली. पहिल्या भेटीत मी त्याची नडगी बोटाने चाचपून पाहिली नव्हती, हा दोष माझाच.

शिन स्प्लिंट्समधील वेदना पट्ट्यासारखी पसरलेली असते. तडा असल्यास बहुधा बोटाच्या टोकाएवढ्या जागी तीव्र असते, एका पायावर उडी मारताच उसळते आणि पुढे विश्रांतीतही राहते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते, म्हणून त्यावर विसंबून धावण्यास परवानगी देऊ नये. धावताना ठरावीक वेळाने पोटरी घट्ट होणे, पाऊल बधिर होणे व थांबताच बरे वाटणे ही निराळी व्याधी आहे. तीही तज्ज्ञाकडे पाठवावी.

औषधविक्रेते बंधूंकडे ही मुले आपल्याही आधी येतात, आणि पुष्कळदा वेदनाशामक गोळी घेऊनच मैदानात उतरायचे असा त्यांचा बेत असतो. तेलाची बाटली देण्यापूर्वी ‘दुखते ती जागा एका बोटाने दाखव’ एवढे विचारावे. त्याने एकाच बिंदूवर बोट ठेवले, तर त्या दिवशी बाटली विकू नये. त्यास वैद्याकडे पाठवावे.